आपल्या गावची दारू

मी इंग्लंडहून परत आले तेव्हा नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या घरी बायकांची रीघ लागली. प्रत्येकीला एकच विचारायचं होतं, बर्फ पडते तेव्हा कसं वाटते. मी सगळ्यांना बर्फाचं सांगितलं, कोळशाच्या शेगडीचं सांगितलं, उकडलेल्या बटाट्यांचं सांगितलं. ज्या गोष्टीची मला खरी आठवण येत होती ती त्या बायकांना सांगण्यासारखी नव्हती, आणि मायला तर नव्हतीच. मला पबची आठवण येत होती.

मी नर्स. नागपुरात शिकून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात काही वर्षं काम करून आले. दवाखान्याच्या मागे नदी आणि नदीकाठी एक जुना दारूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे विटांची दोन मजली इमारत आणि एक धुराडं, एवढंच. आठवड्यातून एखाद्या दिवशी तिथे बार्ली शिजायची आणि आमच्या वॉर्डात ओल्या, गोडसर धान्याचा वास भरायचा. पेशंटसुद्धा नाक वर करून म्हणायचे, आज शिजतंय. ती बियर त्या गावाबाहेर फारशी जात नव्हती. शेजारच्या गावाची वेगळी, त्याच्या पुढच्या गावाची आणखी वेगळी.

पहिल्यांदा मला आमची वॉर्डची सिस्टर घेऊन गेली. ड्युटी संपली होती, बाहेर पाऊस होता. मला वाटलं, दारूचा गुत्ता म्हणजे ओकाऱ्या आणि शिव्या. आत गेले तर एक म्हातारी विणत बसली होती, तिच्या पायाशी कुत्रं झोपलं होतं, आणि काउंटरमागच्या बाईनं लाकडी दांडा ओढून पिंपातून तपकिरी बियर ग्लासात काढली. थंड नव्हती. कडू होती, आणि कडूपणाच्या मागून भाजलेल्या पोळीच्या काठासारखी चव येत होती. मी अर्धाच ग्लास प्यायचे, शेवटपर्यंत अर्धाच. पण त्या टेबलाशी बसले की मला कुणी विचारत नव्हतं, तू कोण, कुणाची, इथं काहून बसली. लोकांना कुठल्या बियरीत काय बिघडलं यावर भांडायला आवडायचं. मोठ्या कंपन्या पिंपं काढून गॅस भरलेल्या लोखंडी टाक्या आणताहेत म्हणून म्हातारे चिडलेले असायचे. मला त्यांचा तो राग फार आवडायचा. आपल्या गावची चव कुणी हिरावून घेतंय म्हणून एवढं रागावणारी माणसं मी पाहिली नव्हती.

परत आल्यावर मला रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. तिथं माझी एक मैत्रीण झाली, सावनेरच्या पुढच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती आणि बोलायला लागली की सर्जनसुद्धा गप्प ऐकत. एकदा डबा खाताना मी तिला पबचं सगळं सांगितलं. तिनं भाकरीचा घास तोंडाजवळ तसाच धरून ठेवला.

"म्हणजे बाया बी बसतेत?"

"बसतात."

"अन् कोणी काही म्हणत नाही?"

"काही म्हणत नाही."

"मंग आपल्या नागपुरात काय पेतेत वं? म्हणजे आपलं असं, इथलंच?"

तो प्रश्न तिनं सहज विचारला, पण मला त्याचं उत्तर येत नव्हतं आणि त्याचाच मला राग आला. परक्या गावाची चव मला डोळे मिटून ओळखता येत होती. ज्या शहरात जन्मले त्याची चव कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघींनी तिथंच, डब्यावरच ठरवलं, शोधायचं.

सुरुवात शहरातल्या सदर भागापासून केली. तिथं एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर परमिट रूम होती. भर दुपारी आत लाल दिवे आणि दारावर जाड पडदा. बाहेरून पाहिलं तर आत फोटो धुवायची अंधारी खोली असावी असं वाटायचं. आम्ही पडदा सारला तशी आतली सगळी डोकी आमच्याकडे वळली आणि मग एकदम खाली गेली. कुणी आपल्याला ओळखेल ही भीती आम्हाला असायला हवी होती, पण घाबरले ते बाप्येच.

वेटर धावत आला. "मॅडम, फॅमिली केबिन ऊपर है."

"आम्हाला इथंच बसायचं आहे," मी म्हणाले.

"इधर नहीं होता, मॅडम. ऊपर पंखा भी है."

वरती प्लायवूडच्या खोक्यासारख्या केबिनी होत्या, प्रत्येकीला मळका पडदा आणि फिनाइलचा वास. आम्ही बसलो. वेटर आत येईना, पडद्याबाहेरूनच विचारू लागला, "साहब लोग कब तक आएंगे?"

मैत्रीण म्हणाली, "साहब लोग नाही येऊन राहिले. आमीच हाओत."

 मग मॅनेजर आला. त्यानं आमच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत सांगितलं की बियर मिळेल, पण आम्ही घरंदाज दिसतो म्हणून त्याला आमच्या इज्जतीची काळजी आहे. शेवटी बियर आली ती चहाच्या किटलीत. सोबत दोन कपबशा. वरून बर्फाचे खडे टाकलेले. मी बशीत कप ठेवून तो पिवळा, पाणचट फेस प्यायले. ही बियर कुठली, मी वेटरला विचारलं. त्यानं दूरच्या एका शहराचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, सगळ्या हिंदुस्थानात एकच टेस्ट, मॅडम, गॅरंटी. गॅरंटी देताना त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. मला त्याच्या अंगावर किटली ओतावीशी वाटली.

शेजारच्या केबिनीतून कुणीतरी खोकू लागलं. मग मुद्दाम खोकू लागलं. मग पडद्याच्या फटीत एक डोळा दिसला. मैत्रीण उठली, तिनं पडदा खस्सकन ओढला आणि त्या माणसाला विचारलं, "काय पाह्यतेस गा? चहा पेऊन राहिलो, पाहिजे का तुले?" तो पळाला. आम्हीही किटली अर्धी टाकून खाली उतरलो. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, लोक कापडं खरेदी करत होते, आणि मी रडकुंडीला आले होते. मैत्रीण हसत होती. तिचं हसणं मला त्या वेळी मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर आमच्या दवाखान्याच्या कॅन्टीनवाल्यानं बातमी आणली. कळमेश्वरच्या बाजूला नवीन कारखाने होत आहेत, त्यातल्या एका ठिकाणी बियरीसारखा वास येतो, म्हणजे तिथं बियरच बनत असणार. मी त्याला चारचारदा विचारलं, वास कसा, ओल्या धान्याचा का? तो म्हणाला, हो, भिजलेल्या गव्हासारखा. माझ्या डोक्यात लगेच नदीकाठची ती इमारत उभी राहिली. सुटीच्या दिवशी आम्ही एसटीनं कळमेश्वरला गेलो. स्टँडवरून पुढे चालत. बाभळी, मुरूम, मध्येच तारेचं कुंपण, पुन्हा बाभळी. मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं चप्पल हातात घेतली. आणि मग वारा फिरला तसा तो वास आलाच.

तोच वास होता. मी खोटं सांगत नाही, माझे पाय आपोआप भराभर चालू लागले. ओली बार्ली, गोड, किंचित आंबट. मैत्रीण मागून ओरडत होती, "हळू चाल वं, मी अनवाणी हाओ!" फाटकाशी एक राखणदार खाटेवर बसून संत्रं सोलत होता. मी त्याला विचारलं, "इथं बियर बनते ना?"

तो आमच्याकडे पाहतच राहिला. "बियर? कोनं सांगतलं?"

"वास येतो आहे."

"अवं बाई, इथं ढोराची ढेप बनते. बियरचे मोठे कारखाने तिकडं बाहेरगावी हायेत. तिथला चोथा ट्रकनं इथं येते. वाळवते, दळते, पोत्यात भरते. म्हशी मस्त दूध देतेत." आणि थोडं थांबून, फार गंभीरपणे, "म्हशीसाठी पाहिजे का तुमाले?"

मैत्रीण तिथंच मुरमावर बसली आणि पोट धरून हसू लागली. राखणदारानं तिला अर्धं संत्रं दिलं. मी कुंपणाची तार धरून उभी राहिले. बियर आपल्यापर्यंत बंद बाटलीत यायची नाहीतर म्हशीच्या घमेल्यात. मधलं काहीच आपल्या वाट्याचं नव्हतं. आम्ही परतीची एसटी पकडली. सावनेरच्या फाट्याजवळ मैत्रीण म्हणाली, "ऐक, तू बियर बियर करून राहिली म्हणून सापडत नाही. आमच्या गावाकडं मोहाची काढते. तेच आपलं. चाल एखाद दिवस."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मोहाची दारू हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण शिवीसारखा ऐकत होते. आमच्या घरी तो उच्चारायचा नाही असा दंडक होता. छप्पन साली बस्तीतल्या सगळ्यांसोबत माझ्या माय-बापांनी दीक्षा घेतली, तेव्हा मी लहान होते. पंचशील आमच्या घरात रोज म्हटलं जायचं, आणि पाचवं शील म्हणताना मायचा आवाज बाकीच्या चारांपेक्षा घट्ट व्हायचा. मद्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा. बाप गिरणीत होता, मी इंग्लंडला जायच्या आधीच वारला. त्यानं शेवटपर्यंत शील पाळलं, हे माय लोकांना आवर्जून सांगायची. तेव्हा मी मैत्रिणीच्या गावी जायचं ठरवलं ते घरी न सांगता. मैत्रिणीकडे हुरडा खायला जाते म्हणाले. चैत्र लागायला आला होता, हुरडा कुठला? 

मैत्रिणीच्या गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी गोंडांचा टोला होता, दहा-पंधरा घरांचा. मोहफुलं नुकतीच पडू लागली होती आणि अंगणा-अंगणात चटयांवर वाळत होती. साऱ्या टोल्याला त्यांचा वास, पिकलेल्या फळाचा आणि थोडा उंदरांचा. कुणाच्या तरी घरी लग्नाची बोलणी पक्की झाली होती म्हणून दुपारपासून माणसं जमली होती. मैत्रिणीच्या घरी शेतात कामाला येणारी एक बाई आम्हाला आपल्या घरामागे घेऊन गेली. चाळिशीची असेल, उंच, कोपरापर्यंत गोंदलेलं. चुलीवर मोठं मडकं, त्यावर दुसरं, वरती पाण्याचं भांडं, आणि आतून नळीवाटे थेंब थेंब बाजूच्या एका मातीच्या घागरीत पडत होता. वरचं पाणी कोमट झालं की ती ते बदलायची. बोलता बोलता, मध्येच हात जायचा.

अंगणात बाया एका बाजूला बसल्या होत्या, बाप्ये दुसऱ्या बाजूला, पण मध्ये पडदा नव्हता. पळसाच्या पानांचे द्रोण फिरत होते. एक म्हातारी नवऱ्या मुलीच्या आत्याशी हुज्जत घालत होती की मागच्या साली त्यांच्याकडची दारू धुरकट झाली होती. आत्या म्हणत होती, लाकूड ओलं होतं, त्याला मी काय करू. अगदी तेच भांडण! नदीकाठच्या त्या पबातलं. मला इतका आनंद झाला की मी मैत्रिणीचा दंड धरून हलवला.

मला द्रोण दिला. जीभ पोळली, मग फुलाचा वास नाकात चढला, मग धूर, मग गोड काहीतरी, जे बराच वेळ गेलं नाही. त्या बाईनं विचारलं, "कशी हाये?" मी म्हणाले, "चांगली आहे." ती म्हणाली, "चांगली हायेच, पण कशी हाये?" मला सांगता येईना. मी म्हटलं, पुन्हा थोडी दे, मग सांगते. बाया हसल्या, द्रोण पुन्हा भरला. कुणी चणे पुढे केले. मी तिथं मांडी घालून बसले आणि मनात म्हटलं, मिळालं.

तेवढ्यात जीप आली.

पोरं ओरडत पळाली तेव्हाच बाप्ये टेकडीकडे पांगले होते. खाकीतली चार-पाच माणसं उतरली आणि सरळ घरामागे गेली. त्यांना कुणी वाट दाखवायची गरज पडली नाही. एकानं लाठीनं वरचं भांडं उडवलं, दुसऱ्यानं मडक्याला लाथ घातली. मी उठून धावले. घागर अजून शाबूत होती, मी तिच्यापुढे उभी राहिले, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं लाठी बाजूनं घातली. घागर फुटली आणि सगळी दारू माझ्या साडीवर, कमरेपासून खाली.

मी आधी इंग्रजीत ओरडले. मग मराठीत. त्यांचा साहेब, चष्मा लावलेला, वयस्क माणूस, शांतपणे जवळ आला.

"तुम्ही कोण?"

"मी नर्स आहे. नागपूरला."

"मग तुमच्या वॉर्डात दारूनं पोट फुगलेली माणसं येत नाहीत का?"

येत होती. मागच्याच महिन्यात एकजण माझ्या हातात गेला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. मी म्हणाले, "ती दारू वेगळी. ही तशी नाही."

"सगळे हेच म्हणतात, बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला आणखी संताप आला. भांडायलासुद्धा समोर नीट माणूस मिळत नव्हता.

दारू काढणाऱ्या बाईला त्यांनी जीपमध्ये बसवलं. ती रडली नाही. तिनं फक्त शेजारणीला सांगितलं की चूल विझव, घराला लागेल. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणीचा बाप दुसऱ्या दिवशी सावनेरला जाऊन त्या बाईला सोडवून आला. मग तो मैत्रिणीवर असा भडकला की पुढचे कित्येक दिवस तिनं दवाखान्यात तोंड उघडलं नाही. पुढं लवकरच तिचं लग्न लावून दिलं, अमरावतीकडे. ती गेली आणि आमचा शोधही तिथंच थांबला. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी मी एसटीनं घरी निघाले. साडीतून असा भपकारा येत होता की माझ्या बाजूला बसलेली बाई सरकत सरकत शेवटी उठून उभीच राहिली. कंडक्टरनं तिकीट लांबूनच दिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बायाबी पेऊन राहिल्या आता." मला वळून सांगावंसं वाटत होतं की मी दोन द्रोण प्यायले आहे, बाकीची सगळी साडीनं प्यायली. 

घरी माय दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी उंबऱ्याशी आले आणि तिनं सूप खाली ठेवलं.

"मोहाची हाये," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती विचारेल कुठून आली, काय झालं. तिनं वासावरून नुसतं दारूच नाही, कशाची दारू तेही ओळखलं.

"माय, सांडली माझ्या अंगावर. पोलिसानं घागर फोडली."

"अन् तू काहून गेली होती घागरीजवळ?"

मी सगळं सांगितलं. आधी सदरचं, कळमेश्वरचं, मग टोल्यावरचं. पबचंही सांगितलं, पहिल्यांदाच. मी अर्धाच ग्लास प्यायचे, हेही. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं मारेल. मी तिशीच्या घरातली बाई होते, तरी वाटलं होतं.

"आमी हे सोडून मानसं झालो," ती शेवटी म्हणाली. "अन् तू शिकून-सवरून तेच हुडकत फिरून राहिली."

"मी नशा नाही हुडकत, माय. तिथं बाया बसल्या होत्या, हसत होत्या, भांडत होत्या. त्या बिचारीचं मडकं त्यानं लाथेनं फोडलं. तुला ते बरं वाटतं?"

"नाही. थे बरं नाही केलं. त्याचं काय होतं थे? फोडाचं तर तिनं फोडाव, तिच्या हातानं."

मग ती उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. आणि जे सांगितलं ते असं सांगितलं जणू मला ते माहीतच असायला हवं होतं.

"म्या फोडले होते. दीक्षा घेऊन आलो त्याच दिवशी. पांढऱ्या लुगड्यावरच. मोठमोठे मडके होते, मागच्या परसात. एक एक उचलून आपटलं."

"कुणाचे?"

"माह्या मायचे."

माझी आजी, मायची माय, मला धूसर आठवत होती. विड्या वळणारी, कमी बोलणारी म्हातारी. ती दारू काढायची हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माय म्हणाली, सगळ्या बस्तीत तिच्यासारखी कुणाची नसायची. गिरणी सुटली की लोक तिच्या परसात येऊन बसायचे. बाया बी, माय म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली. माझा बाप तिथंच यायचा, तिथंच त्यानं मायला पाहिलं. लग्नानंतर कित्येकदा तिनं त्याला त्याच परसातून खांद्यावर टाकून घरी आणलं, आणि तिची स्वतःची माय चुलीशी बसून पाहत राहायची. दीक्षेला सगळी बस्ती गेली, आजी गेली नव्हती. ती मडक्याशी बसून होती.

"मग ती काय म्हणाली, तू फोडलं तेव्हा?"

"काही नाही. खापरं गोळा केली. बरेच दिवस माह्या हातचं पाणी पेली नाही. मंग विडीचं काम धरलं."

"तिची इच्छा होती का सोडायची?"

मायनं तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"माय, आत्ताच तू म्हणाली, फोडायचं तर ज्याचं त्यानं फोडावं. मग आजीचं तू काहून फोडलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न गिळून टाकावासा वाटला. मग उठली, म्हणाली, "साडी काढ, भिजवून ठेवते." परसात नळाखाली ती किती तरी वेळ ती साडी चोळत राहिली. मी दारात उभी राहिले. तिच्या पाठीवरून मला काही कळलं नाही.

त्यानंतर मी तिला पुष्कळदा विचारलं. आधी चिडून, मग गोडीत, मग सहज बोलता बोलता. आजी मोहात काय टाकायची? फुलं किती दिवस भिजवायची? कुठलं लाकूड? ती ज्या अर्थी वासावरून ओळखत होती त्या अर्थी तिला सगळं माहीत होतं. लहानपणी तिनं हाताखाली केलं असणार. एकदा ती तांदूळ धुताना म्हणाली, "मोहात दोन गोष्टी टाके, म्हणून धुरकट लागत नव्हती." मी लगेच विचारलं, "कोणत्या?" तिनं तांदळाचं पाणी ओतून दिलं. "कायले पाहिजे तुले?" पुढे नाही.

मला फार राग यायचा. ज्या चवीसाठी मी गावोगाव फिरले ती आमच्याच परसात तयार झालेली. ती माहीत असलेलं एकच माणूस माझ्यासोबत एका ताटात जेवत होतं आणि ते सांगणार नव्हतं. मी तिला म्हणाले, मी बनवणार नाही, पिणार नाही, मला फक्त माहीत असू दे. ती म्हणाली, "माहीत असलं की हात चालते." तिच्या बाजूनं तिचं बरोबर होतं हे मला समजायचं, आणि समजूनही राग कमी व्हायचा नाही. बापाला खांद्यावर टाकून ती आणायची, मी नाही. आणि आजीची खापरं गोळा करणारे हात मला दिसायचे, तिला ते नुसते दिसत नसणार, आठवत असणार.

ऐंशीच्या दशकात माय थकली. छातीत कफ, रात्रभर खोकला. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक टॉनिक लिहून दिलं. मी चमच्यात ओतलं, तिच्या तोंडाजवळ नेलं. तिनं वास घेतला आणि मान वळवली.

"याच्यात हाये."

"माय, औषध आहे. थेंबभर असेल."

"थेंबभर हाये म्हणून वास येऊन राहिला."

मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. होतं. आयुष्यभर पेशंटना औषध पाजलेली मी, सतत समजावत आलेली, त्या खाटेशी बसून तिच्यावर ओरडले. म्हटलं, शील मोडत नाही, जीव वाचतो. तिला सांगितलं की खुद्द विहारातले भन्तेसुद्धा औषधाला नाही म्हणणार नाहीत. ती ऐकत राहिली, खोकली, पदरानं तोंड पुसलं.

"तुले समजत नाही," ती म्हणाली. "मले आवडते तो वास."

मी चमचा खाली ठेवला. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी भांडून मी टॉनिकऐवजी गोळ्या लिहून घेतल्या.